मनकर्णाबाईचं रवाळ तूप

मनकर्णाबाईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. कापसाच्या जिनाचा पहिला भोंगा पाचला होई. तो वाजेपर्यंत तिच्या डेऱ्यात लोणी वर आलेलं असे. घरात घड्याळ नव्हतं. थोरली म्हैस उठून उभी राहिली की ती उठायची. म्हैस चुकली असं कधी झालं नाही, असं ती सांगे.

डेऱ्यात रवी, रवीला दोर, दोराची दोन टोकं दोन हातांत. पाहणाऱ्याला हे काम सोपं वाटतं. पण खांदा एकसारखा चालवावा लागतो. घाई केली तर लोणी बारीक कण्यांचं होऊन ताकातच राहतं. ढिलाई केली तर वर येत नाही. थंडीत कोमट पाणी घालायचं, उन्हाळ्यात माठातलं. किती घालायचं ते हाताला कळतं, पण हाताला ते कळायला काही वर्षं जातात. मग लोणी पाण्यातून धुऊन काढायचं, ताक शेजारपाजारी वाटायचं, म्हशींचं शेण उचलायचं, आणि दुसऱ्या भोंग्याला जिनात हजर व्हायचं.

वाशीमला तेव्हा कापसाचं काम मोठं होतं. कार्तिकापासून चैत्रापर्यंत जिन चाले. सरकी वेगळी करणारं यंत्र म्हणजे रेचा; बाया रेच्यांपुढे ओळीनं उभ्या राहून त्यांत कापूस सारत. रुई पुढे पडे, सरकी खाली. दिवसभर उभं राहायचं, आणि नाकातोंडात कापसाचे तंतू जायचे. मी त्याच जिनात सरकीची पोती वाहत होतो आणि तिच्या घरापलीकडच्या बोळात राहत होतो. पोतं उचलणं एका झटक्याचं काम आहे, नंतर माणूस सरळ होतो. रेच्यापुढे सरळ व्हायची सोय नसते. ते काम माझ्या कामापेक्षा जड होतं, हे मी तेव्हाही म्हणत असे.

तिचा नवरा स्टेशनावर हमाल होता. अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला. त्याआधी तिची दोन बाळंतपणं झाली होती. घरात तूप नव्हतं, दोन्ही तेलावर काढली. मुलं राहिली नाहीत. हे तिनं मला एकदाच सांगितलं, सरकीचं पोतं उतरवून घेताना, आणि पुढे लगेच म्हणाली, पोतं भिंतीला टेकवू नका, ओल लागते.

सासूनं तिला एक गोष्ट ठेवली होती. घर भाड्याचं होतं, ते ठेवता येण्यासारखं नव्हतं. आठवडी बाजारात तूपवाल्यांची ओळ असे, आणि त्या ओळीत चिंचेखालची जागा सासूची होती. एक सपाट दगड, त्याच्याभोवती चुन्याची रेघ. म्युनिसिपल कमिटीच्या दप्तरात ती जागा सासूच्या आणि मागून मनकर्णाबाईच्या नावावर होती. चिंचेखाली दुपारपर्यंत सावली राहायची, त्यामुळे तूप पातळ होत नसे. त्या जागेवर बऱ्याच जणांचा डोळा होता. बाईची इस्टेट म्हणजे दोन म्हशी आणि तो दगड.

तिच्या तुपाचं नाव होतं. माघात ते पळीनं निघत नसे, उलथन्यानं खरवडावं लागे. तळहातावर घेऊन चोळलं की रवा बोटाला लागायचा, आणि वास हात धुतला तरी जात नसे. हे सरकीमुळे होतं, असं ती म्हणायची. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी जिनात मजुरी वाटत. मजुरी हातात पडली की ती आधी सरकी घेई. मीठ, ज्वारी, रॉकेल नंतर. सरकी रात्री भिजत घालायची, सकाळी म्हशींपुढे ठेवायची. आमच्या भागात सगळेच म्हशीला सरकी देतात. ती मूठभर जास्त देई.

छत्तीस-सदतीस सालच्या सुमारास रेल्वेनं पत्र्याच्या डब्यांतून वनस्पती तूप येऊ लागलं. दिसायला पांढरं, घट्ट, भाव कमी. व्यापारी ते खऱ्या तुपात मिसळू लागले. खेड्यातले लोकही शिकले. भेसळीचा कायदा आधीपासून होता, पण त्याकडे कोणी पाहत नव्हतं. आता कमिटीनं त्यासाठी एक इन्स्पेक्टर नेमला. रामराव त्याचं नाव. अमरावतीकडचा, बारीक अंगाचा, सायकलवर यायचा. मागे शिपाई, शिपायाच्या डोक्यावर पेटी, पेटीत बाटल्या, लाख आणि मोहर. रामराव चहा घेत नव्हता, पान घेत नव्हता, काहीच घेत नव्हता. त्यामुळे लोक त्याला जास्तच घाबरत.

पौषातल्या एका बाजारी तो चिंचेखाली आला. मनकर्णाबाईच्या शेजारी अमीनाबी मिरची घेऊन बसायची. दोघी वर्षानुवर्षं शेजारी बसलेल्या. अमीनाबीची जीभ तिच्या मिरचीसारखी होती.

रामरावनं तूप विकत घेतलं. विकत घेतल्याशिवाय नमुना होत नाही. ते त्यानं तीन बाटल्यांत भरलं, तोंडं बांधली, मेणबत्तीवर लाख वितळवून मोहर मारली. एक बाटली तिच्यापुढे ठेवली.

"ही तुमची, बाई. एक नागपूरला जाईल, एक माझ्याकडे राहील. जपून ठेवा."

"माह्यंच तूप मलेच कायले देता साहेब?"

"उद्या तुम्ही म्हणाल की मी बदललं, म्हणून."

अमीनाबी म्हणाली, "घे ना वं मनकर्णा. पैसे देऊन परत देनारं गिऱ्हाईक आजवर तुले भेटलं काय?"

ओळीतले सगळे हसले. मनकर्णाबाईही हसली. तिला भीती वाटायचं कारणच नव्हतं.

नागपूरहून उत्तर आलं ते उलटं. सरकारी तपासणीत तुपाचा एक आकडा काढत. ठरवलेल्या आकड्याच्या खाली गेलं की तूप भेसळीचं धरत. मनकर्णाबाईचं तूप खाली गेलं होतं. मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं. तिनं सांगितलं, मी काही मिसळलं नाही. मॅजिस्ट्रेटनं कागद पाहिला आणि दंड केला. दंड थोडा होता. पण त्यानं वर एक वाक्य सांगितलं: पुन्हा असं आढळलं तर बाजारातली जागा जाईल.

दंड तिनं त्याच दिवशी भरला. कोर्टाच्या पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "माह्या तुपात कमी? कायची कमी?"

तिनं यावर खूप विचार केला. आणि तिला उत्तर सापडलं. नमुना नेला त्याच्या आधी जिनाचा पट्टा तुटून काम बंद होतं. मजुरी नाही, म्हणून सरकी रोजच्यापेक्षा मूठभर कमी. त्या दिवसांत तिनं म्हशींना कडबा आणि कुटार थोडं जास्त घातलं होतं. तूप थोडं मऊ झालं होतं, तिला स्वतःला ते जाणवलं होतं. म्हणजे साहेबाच्या यंत्रालाही ते जाणवलं. यंत्र खोटं नाही, आपलंच काम कमी पडलं, असा तिनं हिशेब लावला. ती अशी होती. दुसऱ्यावर ढकलायच्या आधी आपले हात तपासायची.

पुढे काही दिवसांनी रामराव तिच्या घरी आला. सायकल बोळात उभी केली, तेव्हा मी तिच्या ओट्यावर बसलो होतो. त्यानं गोठा पाहिला, डेरा पाहिला, चूल पाहिली. स्वच्छ होतं. मग टोपलीतली भिजलेली सरकी पाहिली.

"म्हशींना किती सरकी देता?"

"जेवढी खातीन तेवढी."

"मी नागपूरला विचारलं होतं. तिथले तपासणारे सांगतात, म्हशीनं सरकी फार खाल्ली की तुपाचा हा आकडा खाली जातो. भेसळ नसली तरी जातो. तुमचं तसं असेल. महिनाभर सरकी बंद करा. गवत द्या, कडबा द्या. मग मी पुन्हा नमुना घेईन."

मनकर्णाबाईनं टोपली आपल्याकडे ओढली.

"सरकी बंद करू? मंग तूप कायचं होईन साहेब?"

"आकडा बरोबर येईल."

"आकडा कोन खाते?"

"कोणी खात नाही. पण मला तोच लिहावा लागतो, बाई."

तो गेला. खोटं काही बोलला नव्हता. पण ऐकणाऱ्याला ते कसं लागलं ते सांगितलं पाहिजे. आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं की सरकी दिली की तूप चांगलं होतं. सरकीमुळे तूप खोटं ठरतं, हे म्हणजे पाण्यानं विहीर आटते म्हणण्यासारखं होतं. संध्याकाळी अमीनाबी आली, तिला मनकर्णाबाईनं सगळं सांगितलं.

अमीनाबी म्हणाली, "त्याची नियत पाय. सरकी बंद केली की तूप पान्यावानी होईन. मंग तो येईन अन् तुले पक्की धरीन. जागा गेली मंग. कमिटीतल्या कोन्या मेंबरच्या साल्याले पायजे असन चिंचेखालची जागा."

"तो पैसे खात नाई म्हन्तेत."

"पैसे न खानारा मानूस लय खतरनाक रायते. त्याले समजवावं तरी कसं?"

मी ओट्यावरून म्हणालो की महिनाभर करून पाहायला काय हरकत आहे. दोघींनी माझ्याकडे पाहिलं आणि बोलणं चालू ठेवलं.

मनकर्णाबाईनं सरकी बंद केली नाही, दुप्पट केली. त्यासाठी जिनात ती दिवसपाळी संपल्यावरही थांबू लागली. दिवसपाळीनंतर रुईच्या खोलीत झाडायचं काम असे, ते कोणी आपणहून घेत नसे, कारण खोकला लागतो. ते तिनं मागून घेतलं. वरची मजुरी सगळी सरकीत गेली. कडबा बंद, कुटार नावापुरतं. म्हशींचं शेण पातळ झालं. धाकटीनं दोन वेळा तोंड फिरवलं तेव्हा तिनं सरकीत गूळ कालवून घातला. ती पोती मीच पोचवत होतो.

त्या महिन्यात तिनं जे तूप काढलं, तसं मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. कढवताना ती चुलीपुढून हलली नाही. बेरी लाल झाली, काळी होऊ दिली नाही. थंड झाल्यावर तूप मडक्याच्या काठापासून सुटून आलं. वर बोट दाबलं तर खूण उमटत नव्हती. रवा ज्वारीच्या कणीएवढा. तिनं मला बोटावर घेऊन दाखवलं. "पाहा," एवढंच म्हणाली.

पुढच्या बाजारी ती रामरावची वाट पाहत बसली. तो ओळीच्या दुसऱ्या टोकाला होता. तिनं स्वतः हाक मारली.

"साहेब, माह्यं घ्या ना आता."

रामराव आला. त्यानं मडक्यात पाहिलं. पाहताच त्याला कळलं असावं.

"सरकी बंद केली?"

"तुमी तूप तं पाहा साहेब."

"मी विचारतो त्याचं उत्तर द्या."

"चाखून पाहा. वास घ्या. यात भेसळ हाय म्हननारा एक मानूस या बाजारातून आना."

लोक जमले. गोमतीबाई नावाच्या एक देशमुखीण होत्या, मनकर्णाबाईच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांनी बोटभर तूप तळहातावर चोळलं आणि सगळ्यांना हात दाखवला. "याले खोटं म्हनते त्याच्या घरी तूपच येत नसन," त्या म्हणाल्या.

रामराव खाली वाकून हळू बोलला, पण मी पोतं टेकवून शेजारीच उभा होतो, मला ऐकू आलं. "बाई, मी बाटली भरली की ती माझ्या हातात राहत नाही. पुढच्या महिन्यात घ्या म्हणा. मी आज पुढे जातो."

"कायले? मी भेली काय?"

मग त्यानं पेटी उतरवायला सांगितली. तीन बाटल्या भरल्या. तूप इतकं घट्ट होतं की बाटलीत जाईना, शेवटी अमीनाबीच्या ऊब घ्यायच्या शेगडीवर गरम करावं लागलं.

नमुना पहिल्यापेक्षा वाईट निघाला. आकडा आणखी खाली. पुन्हा दंड, आणि जागा गेली. कमिटीच्या माणसानं येऊन चुन्याची रेघ पायानं पुसली. दगड तिथंच राहिला, कारण तो जड होता. दसऱ्यानंतर जागेचा लिलाव होणार होता. रामरावनं कमिटीकडून एक सवलत काढली: त्याआधी बाईचा एक नमुना स्वच्छ निघाला, तर जागा तिला परत द्यावी. त्यानं हे घरी येऊन सांगितलं. ती गोठ्यात होती. बाहेर आली नाही.

चैत्रात जिन बंद झालं. मजुरी नाही, बाजार नाही. शहराच्या हद्दीत तिला आता तूप विकायची मनाई, म्हणून तिनं दूध स्टेशनाजवळच्या हॉटेलात घालायला सुरुवात केली. हॉटेलवाला त्यात पाणी घालायचा. तिला ते माहीत होतं, तोंड फिरवून निघून यायची. साठवलेली सरकी वैशाखात संपली. विकत घ्यायला हातात काही नव्हतं. ज्येष्ठात ती सोमलाकडे गेली. सोमला हा लमाणी, तांड्यातली आणि गावातली जनावरं मिळून माळावर चारायला नेई.

"दोन म्हशी नेशील काय?"

"नेतो. पन बाई, तुया म्हशी सरकी खानाऱ्या. गवताले तोंड लावतीन काय?"

"भूक लागली की लावतीन."

लावलं. पाऊस झाला, माळ हिरवे झाले, म्हशी दिवसभर चरल्या. दूध पातळ आलं पण पुष्कळ आलं. पोळ्याच्या सुमारास तिनं थोडं लोणी साठवून एक गाडगं तूप कढवलं, घरात खायला. हाताला सवय होती म्हणून. ते तूप बसलंच नाही. वर पिवळसर पाणी, खाली थोडा गाळासारखा रवा. तिनं ते गाडगं उतरंडीच्या मागे ठेवून दिलं. कोणाला दाखवलं नाही.

भादव्यात रामराव आला. शिपाई आणि पेटी बरोबर.

"तूप आहे?"

"नाई."

अमीनाबी दारात बसून डोकं विंचरत होती. "हाय ना. त्या उतरंडीमांगं."

"अमीना!"

"मंग काय? दसरा आला. जागा घालवून काय त्या गाडग्याची पूजा करतं?"

मनकर्णाबाई उतरंडीपुढे उभी राहिली. "हे नोका नेऊ साहेब. हे खराब हाय. नुसतं गवताचं हाय. हे माह्यं म्हनून नागपूरले गेलं तं माही इज्जत जाईन."

"इज्जत बाटलीत जात नाही, बाई. तूप जातं. सरकी किती दिवस बंद आहे?"

"भेटलीच नाई तं देऊ कुठून?"

रामरावनं गाडगं उचललं. तूप ओतता येत होतं, गरम करायची गरज पडली नाही. बाटल्या भरल्या. तिच्या वाट्याची बाटली तिनं हातात घेतली नाही. ती अमीनाबीनं घेतली. विकत घेतल्याचे पैसे त्यानं उंबऱ्यावर ठेवले.

तो नमुना पास झाला. नुसता पास नाही, ठरलेल्या आकड्याच्या बराच वर. शिपाई कागद घेऊन आला तेव्हा मनकर्णाबाई रडली असं अमीनाबी सांगे. मी होतो, ती रडली नव्हती. तिनं विचारलं, "तेच गाडगं ना? दुसऱ्या कोनाचं तं नाई?" शिपाई म्हणाला, तेच. तिनं कागद घडी करून उतरंडीच्या वरच्या गाडग्यात टाकला आणि गोठ्यात गेली.

पुन्हा रेघ मारली. पहिल्या बाजारी ती दगडावर बसली, पुढ्यात तेच गवताचं तूप. गोमतीबाई आल्या. तूप तळहातावर घेतलं, चोळलं, ते बोटांमधून ओघळलं.

"मनकर्णा, हे काय वं? वनस्पती मिसळून राह्यली काय तू?"

वर्षभर सरकारनं जे म्हटलं, ते आता गिऱ्हाईक म्हणत होतं.

"नाई मालकीनबाई. हे कायद्याचं तूप हाय. नरम हाय. नागपूरचा कागद हाय घरी. तुमाले पटलं तं घ्या."

"कागद तूच खा," म्हणून गोमतीबाई पदराला हात पुसत गेल्या.

अमीनाबी म्हणाली, "घ्या वो घ्या, कायद्याचं तूप! खानाऱ्याले पोलीस हात लावत नाई!" दोन-चार लोक हसले आणि हसता हसता एकानं घेतलं. मग आणखी कोणी घेतलं. संध्याकाळपर्यंत मडकं रिकामं झालं. भाव पहिल्यासारखा मिळाला नाही.

कार्तिकात जिन सुरू झालं. पहिल्या आठवड्याची मजुरी वाटली तेव्हा मी सरकीच्या ढिगापाशी पोती भरत होतो. ती आली. दरवर्षी पहिल्या मजुरीला ती एक पूर्ण पोतं घ्यायची. मी पोतं उघडून धरलं. ती ढिगाकडे पाहत उभी राहिली. मागे बाया रांगेत होत्या, कुजबुजत होत्या. पोतं घेतलं तर म्हशी खातील, म्हशींनी खाल्लं तर तूप चांगलं होईल, आणि चांगलं झालं तर दगड जाईल. हे आता सगळ्यांना पाठ झालं होतं.

"अर्धं भरा," ती म्हणाली.

उरलेल्या मजुरीतून तिनं सोमलाकडून वाळल्या गवताचे भारे घेतले. गोठ्यात मधे एक बल्ली बांधली. थोरलीकडे गवत, धाकटीकडे सरकी. दोन डेरे केले, दोन रव्या. दोन डेऱ्यांचं काम म्हणजे पहाटेचं घुसळणं दुप्पट. दही एकत्र करून एकदाच घुसळता आलं असतं, त्यात आकडाही कदाचित निभला असता. मी तसं सुचवलंही. ती म्हणाली, "मंग हेही नाई अन् तेही नाई." दिवस चारला सुरू व्हायचा तो साडेतीनला होऊ लागला. थोरली म्हैसही त्या वेळी उठू लागली.

थोरलीचं तूप बाजारात जाई. ते ती कायद्याचं तूप म्हणूनच विके, प्रत्येक गिऱ्हाईकाला आधी सांगून की नरम आहे. धाकटीचं तूप बाजारात कधी गेलं नाही. ते ती विकत नसे. जिनातली एखादी बाई बाळंत झाली की दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई झाकलेलं गाडगं घेऊन तिच्या घरी जायची. बाईच्या हातात देई, सासूच्या नाही. "लोकाले वाटू नोको. तू खा," एवढं सांगून निघून यायची. गाडगं परत मागे, कारण गाडगी महाग होती.

हे रामरावच्या कानावर गेलं. तो एकदा बाजारात थांबला.

"दुसरं तूप करता म्हणे. सरकीचं."

"करते."

"विकता?"

"नाई."

"मग माझा त्याच्याशी संबंध नाही," तो म्हणाला आणि पुढच्या दगडाकडे गेला.

पुढे त्याची बदली ठरली. त्याच वर्षी त्याची मुलगी बाळंतपणाला वाशीमला आली होती. एका सकाळी त्याचा शिपाई मनकर्णाबाईच्या दारात येऊन उभा राहिला. हातात पितळेचा रिकामा डबा, डब्यावर पैसे.

"साहेबांनी पाठवलं. धाकट्या म्हशीचं पायजे म्हनले."

मनकर्णाबाईनं डबा घेतला, पैसे शिपायाच्या हातावर परत ठेवले. "हे घेऊन जाय बाप्पा. पैसे घेतले तं तेच येऊन धरतीन मले."

डबा भरला. घट्ट होतं, उलथन्यानं दाबून भरावं लागलं. शिपाई गेल्यावर ती जिनात वेळेवर आली.

लढाईच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तिला रेच्यापुढे उभं राहणं होईना. पाय सुजत. मुकादमानं झाडायचं काम देऊ केलं, तिनं घेतलं नाही. त्या हंगामाचा शेवटचा आठवडा तिनं पूर्ण भरला. मजुरी वाटली, ती सरकीच्या ढिगाकडे आली. मी अर्धं पोतं उघडून धरलं होतं.

"पुरं भरा," ती म्हणाली. "सखू अन् रेच्यावरची नवी पोरगी, दोघीले दिवस हायेत."

मी पूर्ण भरलं, तोंड शिवलं आणि तिच्या घरी नेऊन धाकटीच्या बाजूला उतरवलं. भिंतीपासून हातभर लांब.